ग्रामपंचायतीतील रिकामी जागा कशी भरली जाते: सातारा जिल्ह्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य निवर्तला, राजीनामा देऊन मोकळा झाला किंवा अपात्र ठरला की त्याच्या प्रभागातील लोक एकच प्रश्न विचारू लागतात: पोटनिवडणूक कधी लागणार? हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने ती जागा नेमकी कोणत्या दिवशी रिकामी झाली? माणूस गेला तो दिवस, चिठ्ठी दिली तो दिवस, सभेत विषय निघाला तो दिवस आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला तो दिवस हे चारही वेगवेगळे असू शकतात. पोटनिवडणूक लागेल की नाही आणि लागलीच तर निवडून येणाऱ्याला किती काळ मिळेल, हे त्यांपैकी योग्य तारखेवर ठरते. गावातल्या चर्चेत ही तारीख सहसा कोणालाच ठाऊक नसते. म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यावरच खर्च केला आहे.

आपली संस्था कोणत्या कायद्याखाली येते ते आधी पाहा

ग्रामपंचायतीला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ लागू होतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला १९६१ चा अधिनियम. नगरपरिषद व नगरपंचायतीला १९६५ चा. आणि मुंबई सोडून इतर महानगरपालिकांना १९४९ चा. सातारा जिल्ह्यात महानगरपालिका नाही. सातारा, कराड, फलटण, वाई, म्हसवड, रहिमतपूर येथे नगरपरिषदा आहेत. शेजारच्या सांगलीत मात्र सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका आहे, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकाने सांगितलेला नियम आपल्या गावाला जसाच्या तसा लागू पडेल असे समजू नये. या सर्व संस्थांच्या निवडणुका, पोटनिवडणुकांसह, राज्य निवडणूक आयोग घेतो. संविधानाच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनंतर १९९४ मध्ये स्थापन झालेला हा आयोग आणि लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका घेणारा भारत निवडणूक आयोग या दोन स्वतंत्र संस्था आहेत. विकास सोसायटीच्या किंवा दूध संस्थेच्या संचालक मंडळातील रिकामी जागा या चौकटीत अजिबात बसत नाही, कारण तिला सहकारी संस्थांचा १९६० चा अधिनियम लागू होतो आणि तिथल्या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या अखत्यारीत असतात. गावात तीच मंडळी दोन्हीकडे बसलेली असतात, म्हणून हा घोळ वारंवार होतो.

येथून पुढे मुख्यतः ग्रामपंचायतीबद्दलच लिहिले आहे, कारण सर्वाधिक रिकाम्या जागा तिथेच होतात आणि सर्वाधिक गैरसमजही तिथेच असतात.

जागा कशामुळे रिकामी झाली, आणि केव्हा

अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये रिक्त पद भरण्याची तरतूद आहे. असमर्थता, मृत्यू, राजीनामा, अपात्रता, परवानगीशिवाय गैरहजेरी आणि पदावरून दूर केले जाणे ही कारणे तिथे येतात. यांतील प्रत्येकाची तारीख ठरवण्याची रीत निराळी आहे.

मृत्यूची बाब सर्वांत सरळ वाटते, आणि तारखेपुरती ती सरळच आहे. अडचण दाखल्याची असते. मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते, माणूस ज्या गावचा असतो तिथे नव्हे. साताऱ्यातील कितीतरी माणसे शेवटच्या आजारात पुण्याच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयात नेली जातात. अशा वेळी नोंद तिकडच्या महानगरपालिकेत असते आणि गावच्या ग्रामपंचायतीकडे कोणताच कागद येत नाही. गावाने तेराव्याचे जेवण जेवलेले असते, पण दप्तरात तो सदस्य हयातच असतो. म्हणून घरच्यांचे दुःख थोडे ओसरल्यावर, अदबीने, मृत्यू दाखल्याची एक प्रत मागून घ्यावी आणि ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी.

राजीनाम्याची बाब मात्र फसवी आहे. कलम २९ प्रमाणे सदस्याने आपल्या सहीचा लेखी राजीनामा सरपंचाच्या नावे द्यायचा असतो, आणि सरपंचाने पंचायत समितीच्या सभापतीच्या नावे. पंचायत समितीवर प्रशासक असेल तर सभापतीचे काम तोच पाहत असल्याने पत्र त्याच्याकडे जाते. दुसऱ्या कोणाच्याही हाती दिलेला राजीनामा कायद्याने राजीनामा ठरत नाही. माण-खटाव भागात पाण्यासाठी किंवा एखाद्या रस्त्यासाठी सामूहिक राजीनाम्यांची घोषणा होते, सगळे सदस्य तहसीलदारांपुढे किंवा एखाद्या पुढाऱ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. आंदोलन म्हणून त्याचे मोल असेल ते असो; पण पत्र योग्य माणसाच्या नावे नसल्याने एकही जागा त्यातून रिकामी होत नाही, आणि हे त्या सदस्यांनाही बहुधा ठाऊक असते.

योग्य नावे दिलेला राजीनामासुद्धा त्याच दिवशी अमलात येत नाही. तो ग्रामपंचायतीच्या लगतच्या पुढील सभेपुढे ठेवला जातो. आपला राजीनामा खरा नाही, सही आपली नाही किंवा ती दबावाने घेतली गेली आहे, असे सदस्याचे म्हणणे असेल तर सभेपुढे राजीनामा आल्यापासून सात दिवसांत त्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद नेता येतो. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यावर पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि त्याविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. वाद झालाच नाही तर हे सात दिवस संपल्यावर राजीनामा अमलात येतो, आणि तीच जागा रिकामी झाल्याची तारीख. रागाच्या भरात चिठ्ठी लिहून देणाऱ्या तरुण सदस्यांनी आणि ती खिशात घालून 'जागा रिकामी झाली' म्हणणाऱ्या विरोधकांनी, दोघांनीही हे नीट वाचावे.

इथे आणखी एक सावधगिरी सांगायला हवी. उपसरपंचपद वर्षा-वर्षाने वाटून घेण्याची अंतर्गत तडजोड आपल्याकडे अनेक पॅनेलांत असते. ठरलेली मुदत संपली की उपसरपंच पायउतार होतो. अशा वेळी पत्रात 'मी माझ्या उपसरपंचपदाचा राजीनामा देत आहे, सदस्यपदाचा नाही' असे स्पष्ट लिहावे. नुसते 'माझ्या पदाचा राजीनामा' असे मोघम वाक्य लिहिले तर सदस्यत्वावरून नसता वाद उभा राहतो.

गैरहजेरीचे कलम ४० अनेकांनी वाचलेले नसते. सदस्य परवानगीशिवाय लागोपाठ सहा महिने सभांना आला नाही तर त्याचे पद रिकामे होते, इतके बहुतेकांना माहीत असते. पण त्याच कलमात असेही आहे की ग्रामपंचायतीची रजा न घेता तो लागोपाठ चार महिन्यांहून अधिक काळ गावाबाहेर राहिला तरीही पद जाते. जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतील डोंगरी गावांना हे कलम फार जवळून लागू पडते. तिथली निम्मी घरे नवी मुंबईच्या बाजारात किंवा गोदीत कामाला, मुंबईकर मंडळींच्या बैठकीत उमेदवार ठरतात आणि निवडून आलेला सदस्य यात्रेला व गणपतीला येतो. कोणी तक्रार करीत नाही तोवर सारे चालते. आपण स्वतः अशा सदस्यांपैकी असाल तर रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि तो सभेत मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात आहे ना हे पाहावे. ही रजा सहा महिन्यांपेक्षा अधिक मिळत नाही.

अपात्रतेची कारणे कलम १४ मध्ये आहेत. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक झालेले अपत्य, शासकीय किंवा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमण, मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत घरपट्टी-पाणीपट्टी न भरणे आणि ग्रामपंचायतीच्या कामाच्या ठेक्यात हितसंबंध असणे ही त्यांतली सर्वाधिक वापरली जाणारी. अतिक्रमणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कुटुंबीयांनी केलेल्या आणि सदस्य ज्याचा वापर करतो अशा अतिक्रमणालाही हे कलम लावले. त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचाला पद परत देताना, निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रीला, काढून टाकण्याची बाब इतक्या हलक्याने घेऊ नये असेही बजावले. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत, कारण अपात्रतेचा अर्ज हे आपल्याकडे हरलेल्या पॅनेलचे पहिले हत्यार झाले आहे.

अपात्रतेचा निर्णय कलम १६ खाली जिल्हाधिकारी देतात, आणि त्यासाठी साठ दिवसांची मुदत कायद्यात आहे. त्यांचा निर्णय होईपर्यंत सदस्य आपल्या जागेवर राहतो. आदेशाविरुद्ध पंधरा दिवसांत अपील होते. सातारा पुणे विभागात असल्याने ते पुण्याच्या विभागीय आयुक्तांपुढे चालते. त्यानंतरची पायरी उच्च न्यायालयाची. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असल्याने आता त्यासाठी मुंबईची फेरी पडत नाही. आदेशाला स्थगिती मिळाली असेल तर ती उठेपर्यंत जागा रिकामी धरता येत नाही, म्हणून 'अमुक अपात्र झाला' हे ऐकल्यावर लगेच 'अपील आहे का?' हे विचारावे.

राखीव जागेवर निवडून आलेल्यांना आणखी एक मुदत पाळावी लागते. अर्ज भरताना जात वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र देऊन निवडणूक लढवता येते, परंतु निवडून आल्यापासून बारा महिन्यांत प्रमाणपत्र सादर करावे लागते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, आणि काही वेळा सरकारने खास कायद्याने ती वाढवूनही दिली आहे. मुदत चुकली तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झाल्याचे मानले जाते. गावातल्या कितीतरी जागा भांडणाने नव्हे, तर या एका कागदाच्या आळसाने रिकाम्या होतात.

निवडणूक निकालाला दिवाणी न्यायाधीशांपुढे आव्हान देण्याची कलम १५ ची वाट वेगळी आहे. निकालापासून पंधरा दिवसांत अर्ज करावा लागतो आणि न्यायालय योग्य वाटल्यास दुसऱ्याच उमेदवाराला निवडून आल्याचे जाहीर करू शकते. तसे झाले तर पोटनिवडणुकीचा प्रश्नच उरत नाही.

सहा महिन्यांची मर्यादा

पंचायतीची मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत जागा रिकामी झाली तर ती भरली जात नाही, असे कलम ४३ सांगते. पंचायतीची मुदत पाच वर्षांची असते आणि ती मतदानाच्या किंवा निकालाच्या नव्हे, तर पहिल्या सभेच्या तारखेपासून मोजतात. म्हणून आपल्या ग्रामपंचायतीची पहिली सभा कधी झाली हे इतिवृत्तातून प्रथम उतरवून घ्यावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कोरेगाव तालुक्यातील नऊ सदस्यांच्या एका ग्रामपंचायतीची पहिली सभा १० फेब्रुवारी २०२३ रोजी झाली. तिची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ रोजी संपेल आणि शेवटचे सहा महिने ऑगस्ट २०२७ च्या साधारण दहा तारखेपासून सुरू होतील. दोन नंबरच्या प्रभागातील एका सदस्येने १२ जुलै २०२७ रोजी सरपंचांकडे राजीनामा दिला. जुलैची मासिक सभा २८ तारखेला झाली आणि राजीनामा तिच्यापुढे ठेवला गेला, तर सात दिवस ४ ऑगस्टला संपतात; जागा सहा महिन्यांच्या मर्यादेबाहेर रिकामी होते आणि पोटनिवडणूक घ्यावी लागते. आता समजा, जुलैची सभा त्या महिन्याच्या आरंभीच उरकली होती आणि पुढची सभा २० ऑगस्टला लागली. सात दिवस २७ ऑगस्टला संपतात, जागा शेवटच्या सहा महिन्यांत रिकामी होते आणि त्या प्रभागाला उरलेला काळ एक प्रतिनिधी कमी घेऊनच काढावा लागतो. राजीनाम्याची तारीख दोन्ही वेळा तीच. फरक सभेने पाडला.

याचा अर्थ असा की सभा केव्हा बोलावायची हे ज्याच्या हाती आहे त्याच्या हाती काही प्रमाणात पोटनिवडणूकही असते. दरमहा सभा घेणे सरपंचावर बंधनकारक आहे आणि पुरेशा कारणाविना ती न बोलावणे हे त्याच्या स्वतःच्या अपात्रतेचे कारण होऊ शकते, ही गोष्ट मुदत जवळ आली असताना विरोधी सदस्यांनी लेखी स्मरण करून द्यायला हरकत नाही.

कागद गावातून वर कसा जातो

जागा रिकामी झाल्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचल्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही. ती पाठवण्याची सुरुवात ग्रामपंचायत कार्यालयातून होते, म्हणजे व्यवहारात ग्रामसेवकाकडून. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव दिले गेले आणि तलाठ्यालाही 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणू लागले. गावात दोघांनाही भाऊसाहेब म्हणतात ते अजून तसेच आहे. रिक्त पदाचा अहवाल तहसील कार्यालयात जातो, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात संकलित होतो आणि जिल्ह्यातील सर्व रिक्त जागांची यादी राज्य निवडणूक आयोगाकडे जाते. आयोग एकेका गावासाठी स्वतंत्र कार्यक्रम काढत नाही. राज्यभरातील रिक्त जागा एकत्र घेऊन तो पोटनिवडणुकांचा कार्यक्रम जाहीर करतो. आपल्या गावाचा अहवाल त्या यादीच्या आधी पोहोचला नाही तर गाव पुढच्या खेपेची वाट पाहत बसते.

म्हणून सामान्य मतदाराने करण्यासारखे काम इथे आहे. ग्रामपंचायतीत जाऊन अहवाल कोणत्या जावक क्रमांकाने, कोणत्या तारखेला गेला हे विचारावे. उत्तर टोलवाटोलवीचे मिळाले तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यावा आणि तीन गोष्टी मागाव्यात: राजीनाम्याच्या आवक नोंदीची प्रत, ज्या सभेपुढे तो ठेवला त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत, आणि तहसीलदारांना पाठवलेल्या अहवालाची प्रत. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. 'रिक्त जागेविषयी सर्व माहिती द्यावी' असा ढोबळ अर्ज केला तर ढोबळच उत्तर येते, असा अनुभव आहे.

तहसील कार्यालयात स्वतः जाणार असाल तर एवढे लक्षात ठेवा की तालुक्याचे नाव आणि मुख्यालयाचे गाव सगळीकडे एक नाही. खटाव तालुक्याचे तहसील कार्यालय वडूजला आहे, माणचे दहिवडीला आणि जावळीचे मेढ्याला. नव्याने राहायला आलेला माणूस खटावच्या एस.टी.त बसून चुकीच्या गावी उतरल्याची उदाहरणे आहेत.

मतदार यादी

पोटनिवडणुकीत त्या प्रभागातीलच मतदार मतदान करतात. थेट जनतेतून निवडल्या जाणाऱ्या सरपंचपदाची पोटनिवडणूक असेल तर सगळे गाव. राज्य निवडणूक आयोग स्वतःची निराळी मतदार यादी तयार करीत नाही. एका ठरावीक तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत विभागली जाते, प्रारूप यादी प्रसिद्ध होते, हरकती घेतल्या जातात आणि मग अंतिम यादी लागते.

यातून दोन परिणाम निघतात आणि दोन्ही नव्या मतदारांना दर वेळी गोंधळात टाकतात. पहिला असा की विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेऊन ते घालता येत नाही. त्यासाठी नमुना ६ भरून विधानसभेच्या यादीतच आधी नाव नोंदवावे लागते, आणि तेही आयोगाने धरलेल्या तारखेपूर्वी. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींची नावे इथेच राहून जातात. दुसरा असा की प्रारूप यादीवरील हरकत फक्त मर्यादित चुकांसाठी असते: नाव चुकीच्या प्रभागात गेले, लेखनिकाची चूक झाली, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे सुटले. रिक्त जागेची कुणकुण लागताच घरातील सर्वांची नावे विधानसभेच्या यादीत तपासून ठेवणे हेच शहाणपणाचे.

आरक्षण आणि उमेदवारी

जागा ज्या प्रवर्गासाठी राखीव होती त्याच प्रवर्गासाठी ती पोटनिवडणुकीतही राहते. नव्याने सोडत निघत नाही. नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला अशी जागा रिकामी झाली तर त्याच प्रवर्गातील स्त्रीच ती लढवू शकते, मग प्रभागातले वारे कोणत्याही दिशेचे असो. सर्वसाधारण जागेवर मात्र कोणत्याही प्रवर्गातील स्त्री किंवा पुरुष उभा राहू शकतो.

उमेदवाराचे वय किमान एकवीस वर्षे हवे आणि त्याचे नाव त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत हवे. नाव त्याच प्रभागात असण्याची गरज नाही, गावच्या कोणत्याही प्रभागात असले तरी चालते. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनी किमान सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. कागदपत्रांमध्ये थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराबाबतचा कागद, अपत्यांविषयीचे घोषणापत्र, राखीव जागा असल्यास जातीचे प्रमाणपत्र व वैधता किंवा पडताळणीच्या अर्जाची पोच, आणि अनामत रकमेची पावती ही मंडळी येतात. अर्ज संगणकावर भरायचा की कागदावर, हे त्या-त्या कार्यक्रमाच्या आदेशात लिहिलेले असते. थकबाकीचा दाखला ग्रामपंचायतीतूनच घ्यायचा असल्याने शेवटच्या दिवसावर ठेवू नये. त्या दिवशी नेमके कार्यालयाला कुलूप असण्याचा योग अनेकांच्या वाट्याला आला आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. अर्जांची छाननी होते, माघारीची मुदत संपते आणि उरलेल्यांना आयोगाच्या यादीतील मुक्त चिन्हे मिळतात. माघारीनंतर एकच उमेदवार उरला तर तो बिनविरोध निवडून येतो. पोटनिवडणुकीत हे फार वेळा घडते, कारण उरलेल्या दीड-दोन वर्षांसाठी खर्च आणि भाऊबंदकी दोन्ही करायला लोक तयार नसतात. निवर्तलेल्या सदस्याच्या घरातल्या माणसाला संधी द्यावी अशी भावनाही असते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पैशाच्या बोलीवर ठरवलेले बिनविरोध. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका पदांच्या लिलावाच्या कारणावरून राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देणगी म्हणून बोली लावली, असा खुलासा अशा वेळी उपयोगी पडत नाही.

याच्या उलट प्रकारही होतो. जागा ज्या प्रवर्गासाठी राखीव आहे त्या प्रवर्गातील एकही पात्र मतदार गावात नसतो, किंवा असून उभा राहत नाही, आणि अर्जच येत नाही. जागा तशीच रिकामी राहते आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा समाविष्ट होते. तापोळ्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यासारख्या भागात, जिथे वर्षातील बराच काळ गावात म्हातारी माणसेच असतात, अर्ज न येणे ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही.

मधल्या काळात कारभार कोण पाहतो

सदस्याची जागा रिकामी असली म्हणून ग्रामपंचायतीचे ठराव बेकायदा होत नाहीत. उरलेले सदस्य कारभार चालवू शकतात. निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या झाल्या तर मात्र कलम १४५ खाली सरकारला पंचायत विसर्जित करता येते. तसे झाल्यास संविधानाच्या अनुच्छेद २४३-ई प्रमाणे सहा महिन्यांच्या आत निवडणूक व्हावी लागते, आणि नव्या मंडळाला उरलेलीच मुदत मिळते.

सरपंचाची जागा रिकामी झाली तर उपसरपंच काम पाहतो. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली, म्हणून आपला सरपंच कोणत्या पद्धतीने निवडून आला होता ते पाहावे. सदस्यांतून निवडलेला असेल तर त्याची जागा सदस्य विशेष सभेत भरतात. जनतेतून निवडलेला असेल तर पुन्हा जनतेकडेच जावे लागते. थेट सरपंचावर पहिल्या दोन वर्षांत अविश्वास ठराव आणता येत नाही, आणि नंतर आणला तरी सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमतानंतर ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. उपसरपंचाची निवड दोन्ही पद्धतींत पंचायतीच्या सभेतच होते.

नगरपरिषदेतील रिकाम्या जागांपैकी एकाच प्रकाराचा उल्लेख पुरेसा आहे. निवडून आलेल्या नगरसेवकाची जागा पोटनिवडणुकीने भरते, पण स्वीकृत नगरसेवकाची तशी भरत नाही. ती पुन्हा नामनिर्देशनानेच भरली जाते. स्वीकृत नगरसेवकाला मतदानाचा अधिकार नसतो, त्यामुळे त्याच्या जागेवरून सत्तेचे गणित बदलत नाही, तरी शहरात चर्चा मात्र तिचीच अधिक रंगते.

निवडून आल्यानंतर

पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या सदस्याला नवी पाच वर्षे मिळत नाहीत. ज्याच्या जागी तो आला त्याची जेवढी मुदत उरली होती तेवढीच त्याची, आणि वरच्या उदाहरणातील नवी सदस्या ९ फेब्रुवारी २०२८ रोजी बाकीच्या आठ जणांबरोबरच पायउतार होईल. तिने निकालापासून तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करायचा आहे. बिनविरोध निवड झाली असली, हार-गुलालापलीकडे काही खर्च झाला नसला तरीही. पराभूत उमेदवारांनाही हाच नियम आहे, आणि तो न पाळल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते. राखीव जागेवर निवडून आलेली असेल आणि वैधता प्रमाणपत्र हाती नसेल, तर तिची बारा महिन्यांची मुदत तिच्या निवडीपासून मोजली जाते, मूळ सदस्येच्या निवडीपासून नव्हे.